मुलाच्या फायलीत एक रकाना पालकांसाठीही ठेवा

विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक: तुम्हा सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलांच्या फायली जाड असतात. जन्माच्या वेळचं वजन, मान कधी धरली, पहिला शब्द कितव्या महिन्यात आला, हाक मारल्यावर बघतो का, बोटाने दाखवतो का, एका जागी किती वेळ बसतो, कोणत्या आवाजाला कान झाकतो, सगळं त्यात नोंदलेलं असतं. आईवडिलांच्या रकान्यात नाव, वय, शिक्षण, व्यवसाय आणि घराण्यात कुणाला असं काही होतं का, एवढंच. ज्या माणसाच्या जिवावर ही सगळी उपचारयोजना चालायची आहे, तो आज कोणत्या अवस्थेत समोर बसला आहे हे लिहायला फायलीत जागाच नाही. माझं मागणं असं आहे की ती जागा करा, दर भेटीत ती भरा आणि तिथे जे लिहाल त्याप्रमाणे उपचाराची आखणी बदला. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सगळ्यात कमी होतो.

मी एका मुलाची आई आहे. त्याला ऑटिझम आहे आणि एडीएचडीही, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. २०१३ मध्ये डीएसएमची, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमपुस्तिकेची, पाचवी आवृत्ती येईपर्यंत ही दोन निदानं एकाच मुलाला अधिकृतपणे देताच येत नव्हती, पण आमच्यासारख्या घरांत ती आधीपासून एकत्रच होती. पालकांच्या एका गटात माझी नेहमीची ऊठबस आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते माझ्या एकटीचं नाही.

पालकांवरचा ताण हा विषय तुमच्या क्षेत्राला नवा नाही. रिचर्ड अबिडिन यांनी पालकत्वातला ताण मोजण्याची प्रश्नावली १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. तिची ३६ प्रश्नांची छोटी आवृत्ती आज जगभर वापरली जाते, पण बहुतेक वेळा संशोधनासाठी. २०१३ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की ऑटिस्टिक मुलांच्या पालकांवरचा ताण इतर अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांपेक्षाही जास्त असतो. २०१४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ डायकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम आणि इतर विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांच्या २४३ आयांचा अभ्यास केला. त्यात ८५ टक्के आयांवर लक्षणीय ताण होता, ४८ टक्के नैराश्यात होत्या आणि ४१ टक्क्यांना चिंताविकार होता. तुमच्या दवाखान्याबाहेर खुर्च्यांवर बसलेल्या बायकांकडे हा आकडा मनात ठेवून एकदा बघा. त्यातल्या किती जणींना आजवर तुम्ही स्वतः काही विचारलं आहे?

आता घरात काय होतं ते सांगते, कारण 'ताण' म्हटलं की फार मोघम वाटतं.

पहिली गोष्ट झोप. ऑटिस्टिक मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेच्या तक्रारी असतात, हे तुम्हाला पाठ आहे. आमच्याकडे ते असं दिसतं: रात्री दोनला मुलगा टक्क जागा होतो. रडत नाही, त्रासलेला नाही, खुशीत असतो. पलंगावर उड्या मारतो, दिव्याचं बटण खाली-वर, खाली-वर करत राहतो, कारण त्या खटक्याच्या आवाजात त्याला मजा येते. मी दाराला पाठ लावून बसते, म्हणजे दार उघडलं तर मला कळेल. पहाटे तो झोपतो आणि थोड्या वेळाने माझा दिवस सुरू होतो. हे एखाद्या रात्रीचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. नवजात बाळाच्या आईची झोप मोडते तेव्हा सगळे तिला सांभाळून घेतात, कारण हे काही महिन्यांचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आठ वर्षांच्या मुलाच्या आईला कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट पहारा. २०१२ मध्ये 'पिडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ४९ टक्के ऑटिस्टिक मुलांनी चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. पालकांच्या अंगात हा आकडा मुरलेला असतो. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी, खिडक्यांना जाळ्या, बाहेर गेलं की हात नाही तर शर्टाचं टोक मुठीत. मुलगा झोपला तरी माझी मूठ वळलेलीच राहते. समोरचा बोलत असतो आणि मी ऐकत असते, पण अर्धं लक्ष कायम पाठीमागे असतं. शरीराला याची किंमत मोजावी लागते. २०१० मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑटिस्टिक किशोरवयीन आणि प्रौढ मुलांच्या आयांमधलं कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक तपासलं. ते इतर आयांच्या तुलनेत कमी आढळलं. दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या माणसांमध्ये दिसतो तसाच हा प्रकार. धोक्याला सारखा प्रतिसाद देऊन देऊन शरीराची ती यंत्रणाच मंदावते. हे वाचलं तेव्हा आमच्या गटातल्या बऱ्याच जणींना हायसं वाटलं, कारण 'तू फार मनाला लावून घेतेस' हे ऐकून त्या कंटाळल्या होत्या.

एडीएचडीच्या घरांची कथा थोडी वेगळी आहे आणि तिच्याकडे त्याहूनही कमी लक्ष जातं. औषध सकाळी दिलं जातं, शाळेच्या वेळेत काम करतं, आणि शाळा कळवते की आता छान बसतो, लिहितो, उठत नाही. संध्याकाळी औषधाचा अंमल उतरतो. तेव्हा मूल दिवसभराचं दाबलेलं सगळं घेऊन घरी आलेलं असतं. दुपारी भूक मेलेली असते, ती आता लागते. चिडचिड वाढते. आणि नेमक्या याच वेळी गृहपाठ करायचा असतो. दहा मिनिटांच्या गृहपाठाला दीड तास लागतो, त्यात दोनदा पेन्सिल फेकली जाते, एकदा वही. तुमच्यापर्यंत पोहोचतो तो शाळेचा अहवाल. त्यावर 'सुधारणा चांगली' असा शेरा पडतो. आई म्हणते, "घरी नाही हो तसं," आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं जातं की कमी तिच्या शिस्तीतच असावी. औषधाची वेळ, मात्रा, प्रकार ठरवताना संध्याकाळी सहा ते नऊ घरात काय होतं हे विचारा. शाळेचा प्रश्न सोडवताना सगळं ओझं त्या तीन तासांवर ढकललं गेलं असेल तर उपचार अर्धाच झाला आहे.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते, होम प्रोग्रॅम.

सेशन संपताना तुम्ही एक कागद देता. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या कागदावर असतं: दर दोन तासांनी ब्रशिंग (मऊ ब्रशने अंग घासणं) आणि सांध्यांना दाब, झोके, उड्या, भिंत ढकलणं. स्पीचच्या कागदावर: फुंकर मारण्याचे व्यायाम, चित्रकार्डं, प्रत्येक मागणीला शब्द वदवून घेणं, दिवसभर जे चाललंय ते बोलत राहणं. विशेष शिक्षकांच्या कागदावर: टेबलवर्क, मणी ओवणं, जुळवाजुळव. वागणुकीवर काम करणाऱ्यांच्या कागदावर: प्रत्येक उद्रेकाची नोंद, आधी काय झालं, नंतर काय झालं, किती मिनिटं चाललं. शिवाय स्क्रीन बंद आणि दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर. प्रत्येक जण जाताना सांगतो, "फार नाही, रोज वीस मिनिटं." तुम्ही खोटं बोलत नाही. तुमची वीस मिनिटं वीसच असतात. पण या सगळ्या वीस मिनिटांची बेरीज तुमच्यापैकी कुणीच करत नाही, कारण तुम्ही एकमेकांचे कागद पाहिलेले नसतात. ते सगळे कागद एकत्र फक्त आईच्या हातात येतात. आणि पुढच्या भेटीत पहिला प्रश्न असतो, "घरी करून घेताय ना?"

यामागे एक इतिहासही आहे. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ओले इवार लोवास यांनी लहान ऑटिस्टिक मुलांना वागणूक शिकवणाऱ्या, आठवड्याला ४० तासांच्या प्रशिक्षणाचे निष्कर्ष मांडले. ज्या गटाला हे प्रशिक्षण मिळालं त्यात १९ मुलं होती. त्या पद्धतीवर तेव्हापासून पुष्कळ वाद झाले, पण 'जितके जास्त तास तितकं बरं' ही समजूत मात्र पालकांच्या मनात घट्ट बसली. तिच्या जोडीला 'लहान वयातच जे होईल ते, नंतर वेळ गेलेली असते' हे वाक्य. त्यामुळे मूल नुसतं खेळत असेल, आपल्या तंद्रीत बोटं हलवत असेल, तर आईला वाटतं, ही वीस मिनिटं वाया चालली. ती मुलाशी खेळत नाही, खेळातून काहीतरी करून घेत असते. त्याची आई असण्याऐवजी ती त्याची बिनपगारी, बिनसुट्टीची थेरपिस्ट होते. माझ्या मते आमच्या घरांचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

म्हणून तुम्हाला स्पष्ट विनंती आहे. तुमच्यापैकी एकाने, मुख्य डॉक्टरांनी किंवा ज्यांना ते शक्य आहे त्यांनी, हे सगळे कागद समोर ठेवून त्यातलं काढून टाकायचं काम करावं. यातल्या कोणत्या गोष्टीला भक्कम पुरावा आहे आणि कोणती नुसती पद्धत म्हणून लिहिली जाते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते आम्हाला सांगा. "या तीन महिन्यांत एवढंच करा, बाकीचं सोडलं तरी चालेल," हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून येणं फार वेगळं असतं. आम्ही स्वतः सोडलं तर अपराधी वाटतं. तुम्ही सोडायला सांगितलंत तर तो उपचार होतो.

हे फक्त पालकांच्या सोयीसाठी मागते आहे असं वाटत असेल तर २००८ चा एक ब्रिटिश अभ्यास आठवा. लहान ऑटिस्टिक मुलांच्या शिकवणीच्या कार्यक्रमांचा परिणाम पाहताना संशोधकांना आढळलं की जिथे पालकांवरचा ताण जास्त होता तिथे मुलाला होणारा फायदा कमी झाला. जास्त तासांचा फायदाही तिथे ओसरला. पुढे २०१२ मध्ये विकासात मागे असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या कुटुंबांचा काही वर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात दिसलं की ताण आणि मुलाच्या वागणुकीच्या अडचणी एकमेकांना वाढवत नेतात. मुलाचं वागणं पालकाला थकवतं, थकलेल्या पालकाचा आवाज चढतो, चढलेल्या आवाजाने मूल आणखी बिथरतं. आईची झोप, आईचं मन हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे, असं मी म्हणते ते भावनेच्या भरात नाही.

पण आम्ही बोलत का नाही? विचारलं की "ठीक आहे" का म्हणतो? कारण आमच्या आधीच्या पिढ्यांना याची फार मोठी शिक्षा झाली आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची पहिली सविस्तर मांडणी केली. त्याच लेखात पालक थंड, पुस्तकी स्वभावाचे असल्याचं निरीक्षण होतं, आणि काही वर्षांनी त्यांनी लिहिलं की ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवली गेली होती. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये आपल्या पुस्तकात हाच आरोप आणखी पुढे नेला. अनेक देशांत आयांना सांगितलं गेलं की तुमच्या प्रेमाच्या अभावाने मूल असं झालं. मुलाला तोडून संस्थेत ठेवणं हाच उपचार, असंही सांगितलं गेलं. त्याविरुद्ध पहिला ठाम आवाज काढला तो एका ऑटिस्टिक मुलाच्या वडिलांनी. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, हे त्यांनी १९६४ मध्ये पुराव्यांसह मांडलं. १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून पालकांना त्या आरोपातून मुक्त केलं. सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला.

पुस्तकात तो आरोप संपला, लोकांच्या तोंडून गेला नाही. 'लक्ष दिलं नसेल', 'मोबाईल दिला असेल', 'नोकरी करते ना', 'दोन फटके दिले की सुधारेल', ही सगळी त्याच आरोपाची नातवंडं आहेत. म्हणून निदान सांगाल त्याच बैठकीत, मुलाचे आईवडील दोघंही समोर असताना, हे तुमच्या पालकत्वामुळे झालेलं नाही हे मोठ्याने आणि स्वच्छ सांगा. शक्य असेल तर आजीआजोबांनाही बोलावून सांगा. आईने हेच घरी जाऊन सांगितलं तर ते सबब वाटतं. आणि तुम्ही आमची अवस्था विचाराल तेव्हा कशासाठी विचारता तेही सांगा. नाहीतर आम्हाला वाटतं की खरं बोललो तर 'आई सक्षम नाही' असं फायलीत लिहिलं जाईल.

वडिलांनाही विचारा. ते खोलीत असतात तेव्हाही प्रश्न आईकडे बघून विचारले जातात, मग हळूहळू ते यायचेच बंद होतात, आणि मग त्यांना यात रस नाही असं सगळे म्हणतात. कित्येक वडील गप्प राहतात कारण काय बोलायचं ते त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं. आणि कृपा करून 'अशा मुलांच्या आईवडिलांपैकी ८० टक्के वेगळे होतात' हे वाक्य कुणी म्हणत असेल तर थांबवा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे ते तपासलं गेलं तेव्हा ऑटिस्टिक मुलांपैकी ६४ टक्के आणि इतर मुलांपैकी ६५ टक्के मुलं दोन्ही पालकांच्या घरातच राहत होती.

एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून हा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. म्हणजे ज्या आईला किंवा वडिलांना तुम्ही ठराविक वेळा, तक्ते आणि नोंदवह्या सांभाळायला सांगता, त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःलाच एडीएचडी असू शकतो. कधीही निदान न झालेला. नोंदवही कोरी आणली म्हणून रागावण्याआधी एकदा तेही तपासा.

एक गोष्ट मला गैरसमज होऊ नये म्हणून सांगायची आहे. मोठ्या झालेल्या अनेक ऑटिस्टिक व्यक्ती लिहितात की पालकांच्या दुःखाच्या गोष्टी ऐकत त्या मोठ्या झाल्या आणि त्यातून आपण ओझं आहोत हेच त्यांना कळलं. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. माझा मुलगा ओझं नाही. त्या खटक्याच्या आवाजात त्याला जो आनंद होतो तो मला दिसतो आणि तो खरा आहे. मी थकते ती न झालेल्या झोपेने, एकटीने दिलेल्या पहाऱ्याने, परक्यांच्या नजरांनी, प्रत्येक नव्या शाळेत तीच कहाणी नव्याने सांगण्याने. यातलं बरंचसं बदलता येण्यासारखं आहे आणि त्यातलं काही तुमच्या हातात आहे.

करायचं कसं, याचे नमुने तुमच्याकडेच आहेत. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी बाळाच्या नेहमीच्या तपासणीतच आईला प्रश्न विचारावेत, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आई 'आपली पेशंट नाही' म्हणून तिथे तिला वगळत नाहीत. मग निदानाच्या वेळी, शाळा सुरू होताना, वयात येताना हेच का होऊ नये? नैराश्याची प्राथमिक चाचणी दोन प्रश्नांचीही आहे, नऊ प्रश्नांचीही. जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी प्रशिक्षण तयार केलं आहे. त्यात नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी आहेत, आणि पालकांच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याला त्यात मुद्दाम जागा ठेवलेली आहे. डायकेन्स यांच्या ज्या अभ्यासाचे आकडे वर दिले, त्याचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्या आयांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग घेणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या, अक्षमता असलेल्या मुलांच्याच आया होत्या, ज्यांना प्रशिक्षण देऊन देखरेखीखाली तयार केलं होतं. आयांचा ताण, नैराश्य आणि चिंता, तिन्ही कमी झालं. तुमच्याकडे वेळ नाही हे मला ठाऊक आहे, बाहेर रांग असते. पण तुमच्याकडे दहा वर्षांपूर्वी आलेली एखादी आई आहे, आणि आज निदान ऐकून सुन्न झालेली एखादी आहे. दोघींची परवानगी घेऊन त्यांची गाठ घालून द्या.

मुलं मोठी होतात, आमचं वय वाढतं, आणि प्रत्येक घरात एक प्रश्न येऊन बसतो: आमच्यानंतर याचं कोण? तो आम्ही एकमेकांतही पूर्ण वाक्यात बोलत नाही. मूल दहा वर्षांचं असतानाच त्याबद्दल बोलायला सुरुवात करा. राहण्याची सोय, पैशांची व्यवस्था, कायदेशीर पालकत्व, कुणाकडे जायचं, कोणते कागद लागतात हे सांगणारं माणूस जोडून द्या. आणि एखादा पालक "आता जगण्यात अर्थ वाटत नाही" असं काही बोलला तर 'सगळ्याच पालकांना असं वाटतं' म्हणून पुढे जाऊ नका. त्याच दिवशी, त्याच वेळी त्याला मदत मिळेल असं बघा.

एक शेवटची, अगदी व्यवहाराची विनंती. हे प्रश्न मुलासमोर विचारू नका. न बोलणारी मुलंही ऐकतात, आणि पुष्कळ मुलं आपल्याला वाटतं त्याहून जास्त समजतात. पाच मिनिटं मुलाला शेजारच्या खोलीत कुणाजवळ तरी बसवा आणि मग विचारा. गेल्या आठवड्यात सलग किती तास झोपलात, तासभर कुणी मुलाला सांभाळलं असं शेवटचं कधी झालं, आणि आम्ही सांगितलेल्यातलं तुम्हाला काय झेपत नाही. उत्तर फायलीत लिहा, तारखेसह. पुढच्या भेटीत ते पान उघडून मगच होम प्रोग्रॅम ठरवा. आमच्या गटातल्या पालकांशी मी बोलले आहे. तुम्ही विचारलंत तर आम्ही "ठीक आहे" म्हणणार नाही.

आपली,
ऑटिझम आणि एडीएचडी असलेल्या एका मुलाची आई